निवेदिताच्या लग्नाचं कापड

१४ नोव्हेंबर २००६

पक्की बातमी: कापडाची अख्खी गाठ माझी झाली. कामतघरच्या कापडवाल्या अन्सारीशेठनी दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. मी दोन मिस्ड कॉल दिले होते, तिसऱ्याच्या आत त्यांनीच केला. फोन लावणाऱ्याचे पैसे जातात, हे या गावात अजून फार थोड्यांना कळलेलं आहे.

माल एक्स्पोर्टचा. परदेशातल्या पार्टीने परत पाठवला, कारण चौकड्या एका बाजूला किंचित वाकड्या जातात. परदेशी लोकांना दुसरा उद्योग नसतो. मेंदी रंगावर विटकरी चौकडी. अन्सारीशेठ म्हणाले, "भाऊ, आप तो घर के आदमी हो, वजन पे ले जाओ." कापड वजनावर! लोक दुकानात जाऊन मीटरवर घेतात आणि आयुष्यभर फसतात.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वेगळं बोलायला नको. निवेदिताच्या लग्नातला आहेर. पुरुषांना शर्टपीस, बायकांना ब्लाउजपीस. सगळं एकाच गाठीतून, म्हणजे याला भारी आणि त्याला हलकं ही रुसवाफुगवी नाही. पैसे निवेदिताच्या पगारातले. पगार ती दर महिन्याला माझ्याकडे आणून देते, तिच्याच लग्नासाठी. तिचेच पैसे, तिचंच लग्न. सरळ व्यवहार.

लग्न अजून ठरलेलं नाही. मुलगाही बघितलेला नाही. पण आहेर तयार आहे. टेमघरात दुसऱ्या कुठल्या मुलीच्या बापाची एवढी तयारी असेल?

सुमतीने गाठ पाहिली आणि विचारलं, हे ठेवणार कुठे. मी पलंगाखाली म्हणालो. ती म्हणाली, पलंगाखाली माणसाच्या पायालाही जागा लागते. कौतुक करायची तिची पद्धत पहिल्यापासून अशीच आहे.

ता. क. ही डायरी मी कारकुनी करतो त्या शाळेच्या ऑफिसात पडून होती, २००३ ची. वार चुकतात. तारखा बरोबर आहेत. एवढ्यासाठी नवी डायरी घेणारे हेडक्लार्क मी पाहिले आहेत. सगळे कर्जात आहेत.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्याला द्यायच्या आधी वस्तू स्वतः वापरून बघावी. मला आणि आमच्या सुश्रुतला एकेक शर्ट शिवायला टाकला. टेलर म्हणाला, चौकड्या जुळवायच्या तर कापड जास्त जाईल आणि शिलाईही जास्त पडेल. म्हटलं, जुळवू नकोस. माणसं चेहऱ्याकडे बघतात, शिवणीकडे नाही.

सुश्रुत एस. वाय. ला आहे. नवा शर्ट घालून कॉलेजला निघाला, पण बॅगेत दुसराही शर्ट घेतला. घाम येत असणार. वाढतं वय.

२६ नोव्हेंबर

गाठ मोठी आहे, हे आता लक्षात येतंय. आहेराला पुरून उरेल. उरलेलं पडून राहणं हा अपव्यय. म्हणून ठरवलं: पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे, टीव्हीचं आणि फ्रिजचं कव्हर. सुमतीच्या जुन्या मशीनवर घरच्या घरी. निवेदिताला एक पंजाबी ड्रेसही. ती म्हणाली, मला नको. मी म्हटलं, बघू. घरात 'बघू' म्हटलं की विषय माझ्या बाजूने संपतो.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बायजाबाई वर आल्या. यांची जमीन नाशिक हायवेच्या गोडाऊनवाल्यांनी घेतली आणि तेव्हापासून घरात वस्तू थांबत नाहीत. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, भिंतीएवढा टीव्ही. मायक्रोवेव्हमध्ये काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. दूध गरम करतात म्हणे. दूध!

दारातच उभ्या राहून त्यांनी घरभर नजर फिरवली. सोफ्यावर मी बसलो होतो, नवा शर्ट घालून. म्हणाल्या, "भाऊ, तुमचे घरान पडदा कंचा न् मानूस कंचा, ह्याच कलत न्हाय."

सुमती हसली. मोठ्याने. तशी ती हसत नाही.

गावाकडची बाई. मॅचिंग नावाची गोष्ट असते, हे त्यांना कोण सांगणार. सुमती हल्ली चादरी धुवायला त्यांच्या मशीनवर नेते. वीज त्यांची, पाणी त्यांचं. त्याला मी हरकत घेतलेली नाही. शेजारधर्म आहे.

१० डिसेंबर

तुळशीचं लग्न झाल्यापासून आमंत्रणांचा पूर आहे. एरवी या दिवसांत मी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवतो. यंदा नाही. पलंगाखाली हात घालायचा, पीस कापायचा, पुठ्ठा घालून प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचा. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात 'उत्तम प्रत' असं मी छापून घेतलं आहे. कापड कुठल्या कंपनीचं ते लिहिलेलं नाही, त्यामुळे खोटेपणा काहीच नाही.

कल्याणच्या मामांकडे मुंज, डोंबिवलीला डोहाळजेवण, शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न. सगळीकडे एकच आहेर, आणि सगळीकडे चारी ठाव जेवण. डोहाळजेवणाला शर्टपीस कसा देतात, असं सुमतीचं म्हणणं. मी म्हटलं, मुलगा झाला तर वाढेलच की.

२१ डिसेंबर

वसईला वास्तुशांत. निघताना यजमानांनी आम्हाला आहेर केला. घरी येऊन पिशवी उघडली.

मेंदी रंग. विटकरी चौकडी. पुठ्ठ्यावर 'उत्तम प्रत'.

आधी डोकं फिरलं. मग शांतपणे विचार केला. हा पीस मी कल्याणच्या मामांना दिला होता. मामांनी तो वसईला दिला. म्हणजे दोन घरं फिरून आला, पण कोणी कात्री लावली नाही. कापायला हात धजावू नये, असं कापड आहे. अशी वस्तू माणूस स्वतः वापरत नाही, मानाने पुढे देतो.

पिशवीवर हळदीचं बोट उमटलं होतं. पुसलं. पुन्हा गाठीवर ठेवला. आहेर देऊन परत मिळणं, हे मला वाटतं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडतंय.

सुमतीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, सगळ्या नात्यात आपल्याला काय म्हणतात माहीत आहे का. मी विचारलं नाही. लोकांचं ऐकायला सुरुवात केली की खर्च वाढतो.

१४ जानेवारी २००७

संक्रांत. तिळगूळ घरी केला. तीळ कमी, गूळ जास्त. दाताला बरा.

निवेदिताने जेवताना सांगितलं, की तिने मुलगा बघितला आहे. श्रीरंग नाव, ठाण्याचा, तिच्याच गोडाऊनच्या ऑफिसात. आपल्यातलाच आहे. वडील बँकेत. सुमतीला आधीच माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सुश्रुतला माहीत होतं. खाली बायजाबाईंनाही माहीत होतं, कारण त्यांनी काल मला उगीचच साखर दिली.

मला राग यायला हवा होता. पण मनात पहिला विचार आला तो असा, की बघण्याचे पंधरा कार्यक्रम, पंधरा वेळचे पोहे, पत्रिका, मध्यस्थ, सगळं वाचलं. मुलीला वळण लावलं त्याचं हे फळ. होकार दिला.

२८ जानेवारी

श्रीरंगकडचे येऊन गेले. तो, आई, वडील.

सुमतीने सकाळीच सोफ्याची कव्हरं आणि पडदे काढून ठेवले होते. बरं झालं, मी वेळेत बघितलं. परत लावले. पाहुणे येतात त्या दिवशी घर उघडंबोडकं ठेवायचं, ही कुठली रीत? निवेदिताला तो पंजाबी ड्रेस घालायला सांगितलं. ती पिवळी साडी नेसून बाहेर आली. मी बघितलं, तिने बघितलं. पाहुणे दारात होते, त्यामुळे 'बघू' म्हणता आलं नाही.

चहा अर्धा कप ठेवायला सांगितला होता. अर्धा कप दिला की माणसाला पुन्हा हवा असतो आणि मागायला संकोच वाटतो. सुमतीने भरून दिला. पोह्यांवर काजू होते. घरात काजू नव्हते. बायजाबाईंकडून आले असावेत.

मंडळी साधी वाटली. श्रीरंगच्या आई खूप वेळ पडद्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. निघताना मी त्यांना ब्लाउजपीस आणि वडिलांना शर्टपीस दिला. त्यांनी पिशवी हातात घेतली, पुठ्ठा वाचला आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे आलंय. दोनदा."

म्हणजे ओळख जुनीच निघाली. कुठून आलं ते विचारणार होतो, पण सगळे एकदम उठले.

११ फेब्रुवारी

मुलगी पसंत. श्रीरंगच्या वडिलांनी फोन करून सांगितलं. लग्न मे महिन्यात. त्यांची एकच अट: दोन्हीकडून मानपान नको, आहेर नको. घेणार नाहीत, देणार नाहीत.

मी फोन ठेवला आणि पलंगावर बसलो. पलंगाखाली गाठ.

हा सरळसरळ अपमान आहे. आम्हाला ऐपत नाही असं यांना वाटतं काय? लोक हुंड्यासाठी अडून बसतात, हे आहेर न घेण्यासाठी अडून बसले आहेत. सुमतीला म्हटलं, मी ठाण्याला जाऊन वडिलांशी बोलतो. ती म्हणाली, जाऊ नका. मी म्हटलं, बघू.

१५ फेब्रुवारी

गेलो. बँकेत, त्यांच्या टेबलापर्यंत. मुद्दे मांडले. एक: आहेर होणारच, तो मुलीच्या बापाचा हक्क आहे. दोन: हॉल घ्यायची गरज नाही, मे महिन्यात आमच्या शाळेला सुट्टी असते, पटांगण फुकट, बाकं फुकट, मुख्याध्यापकांशी मी बोलेन. तीन: जेवणाचं ज्याचं त्याने बघावं. त्यांची माणसं त्यांच्या खर्चाने, आमची आमच्या. पंगती वेगळ्या बसवल्या की घोळ होत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. चहा मागवला, बरोबर बिस्किटं. मी बिस्किटं खिशात घातली, सुश्रुतला होतील म्हणून. ते म्हणाले, तुम्ही हे सगळं निवेदिताशी बोलून घ्या, ती म्हणेल तसं. सज्जन माणूस. निर्णय मुलीवर म्हणजे माझ्यावरच सोडला.

४ मार्च

पडघ्याला शाळेतल्या गुरुजींच्या पुतण्याचं लग्न. मी आणि सुश्रुत दोघंही चौकडीचे शर्ट घालून गेलो. त्याला घालायचा नव्हता. म्हटलं, बाप-लेक एकसारखे दिसले की लोक कौतुक करतात.

मांडवात शिरलो आणि बघतो तर वाढपी पोरं सगळी मेंदी रंगात. विटकरी चौकडी. अन्सारीशेठनी उरलेला लॉट केटररला दिला असावा. मला सांगितलं असतं तर मीच घेतला असता.

पंगतीत जागा शोधत होतो, तर एकाने मला मठ्ठा आणायला सांगितलं. समजावून सांगत बसण्यापेक्षा आणून देणं सोपं होतं. दिला. मग त्याच्या शेजारच्यालाही द्यावा लागला. मग ओळ पूर्ण केली. शेवटी आमचे मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून पापड मागितला. ओळखून मागितला की न ओळखता, ते कळलं नाही. दिला.

कोणीतरी सुश्रुतच्या हातात उष्ट्या ताटांची चळत दिली. त्याने ती नीट नेऊन ठेवली, हात धुतले आणि न जेवता हायवेवर जाऊन उभा राहिला. जेवण चुकवलं. मीसुद्धा धड जेवलो नाही, पण निदान पापड खाल्ले.

केटररशी बोललो. तो म्हणाला, या कापडावर आमटीचे डाग दिसत नाहीत. ही माहिती उपयोगी आहे.

घरी आल्यावर सुश्रुतने शर्ट काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मुलगा टापटिपीचा आहे. त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. परीक्षा जवळ आली आहे.

१९ मार्च

पाडवा. निवेदिताने आईसाठी साडी आणली. लग्नात नेसायला. वांगी रंगाची नारायणपेठ, ठाण्याच्या दुकानातून. दोघी मिळून गेल्या होत्या, सुमतीने स्वतः निवडली. ऑफिसातून इन्सेंटिव्ह मिळाला, त्याची. हा इन्सेंटिव्ह माझ्या हातात आला नव्हता. इन्सेंटिव्ह असतो, हेच मला माहीत नव्हतं.

विषय पैशाचा नाही, शिस्तीचा आहे.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सुमतीच्या साड्या मीच आणतो. सेलमध्ये, सहावारी, सहा एकदम. तिने कधी तक्रार केली नाही. म्हणजे आवडत असणार. मग ही निवडायची हौस अचानक कुठून आली?

दुपारी झोपून उठलो तर ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती. साडी नुसती खांद्यावर टाकलेली. पदर हाताने सारखा करत होती, मग जरा वळून पाठीवरचा बघत होती. मी आहे हे तिला दिसलं तेव्हा तिने ती घाईघाईने उतरवली, जशी काही दुसऱ्याचीच होती.

संध्याकाळपर्यंत तिने कपाट अनेकदा उघडलं. कपाटाचं बिजागर आधीच ढिलं आहे.

२२ मार्च

आज एक मोठं काम फत्ते.

पिशवीत पावती सापडली होती. किंमत वाचून मला पाणी प्यावं लागलं. पावतीच्या मागे लिहिलेलं: पैसे परत मिळणार नाहीत, आठवड्याच्या आत बदलून मिळेल. शाळेतून हाफ डे घेतला आणि साडी घेऊन ठाण्याला गेलो. दुकानदाराने विचारलं, बाईंना आवडली नाही का. म्हटलं, आवडली, पण अंगाला जड होते. तो म्हणाला, परवा तर हौसेने घेतली. यांना सगळं आठवतं.

एका साडीच्या तीन आणल्या! तिन्ही चांगल्या, धुवायला सोप्या, इस्त्री नको. दोन श्रीरंगच्या मावशांना आहेर म्हणून. त्यांनी कितीही नको म्हटलं, तरी साडी हातात पडल्यावर कोणी नाही म्हणत नाही. तिसरी सुमतीला. मुद्दाम मेंदी रंगाची निवडली. घराला शोभेल.

अजून कोणाला सांगितलेलं नाही. कपाटात त्याच जागी ठेवल्या आहेत. कपाट उघडेल तेव्हा एकाच्या जागी तीन दिसतील. काय चेहरा होईल!

२४ मार्च

सुमतीने काल कपाट उघडलं. तिन्ही साड्या एकेक करून बघितल्या, परत पिशवीत घातल्या, पिशवी कपाटात ठेवली आणि भाकऱ्या करायला गेली. चेहरा नेहमीसारखाच होता. थोडी निराशा झाली. माझी.

रात्री निवेदिताने आईला विचारलं, साडीला फॉल लावून झाला का. सुमती म्हणाली, ती बाबांनी बदलली. मी निवेदिताला सगळा फायदा समजावून सांगितला. तीनच्या तीन दाखवल्या. तिने ऐकून घेतलं आणि पर्स उचलून खाली बायजाबाईंकडे गेली. वाद घातला नाही. पटलं असावं.

नंतर मी मॅच बघायला खाली गेलो. आमचा टीव्ही लहान आहे आणि वर्ल्डकप रोज येत नाही. बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, बोलणंही ऐकू येत होतं. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. आतलं बोलणं थांबलं. महागाच्या बेलचं हे असं असतं. लवकर बिघडतात.

आपण हरलो, असं सकाळी कळलं.

२७ मार्च

निवेदिता ऑफिसातून परस्पर ठाण्याच्या त्या दुकानात जाऊन आली. साडी विकली गेली होती. दुसरी तशी नाही. सुश्रुतने सांगितलं. तो हल्ली माझ्याशी बोलायला लागला आहे, पण बातम्या दिल्यासारखा.

लगेच विकली गेली म्हणजे माल चांगला होता तर.

३ एप्रिल

पगार आलेला नाही. निवेदिताचा. बँकेत काहीतरी घोळ झाला असणार. आठवण केली नाही. मुलीकडे तोंड वेंगाडणारा बाप मी नाही.

५ एप्रिल

खबर सुश्रुतची, दुजोरा सुमतीचा: लग्न रजिस्टर. ठाण्याच्या ऑफिसात दोघांनी नोटीस दिली आहे. महिनाभराने लग्न. हॉल नाही, पटांगण नाही, पंगत नाही, आहेर नाही.

कागद घेऊन वाचलेल्या खर्चाचा हिशोब मांडला. नंतर हळूहळू डोळ्यांपुढे सगळं स्पष्ट झालं. ज्या गावात हळदीला ऑर्केस्ट्रा आणतात, त्या गावात माझी मुलगी स्वतःहून बिनखर्चाचं लग्न करते आहे. हे आपोआप होत नाही. तिच्या जन्मापासून चोवीस वर्षं मी या घरात जे बोलत आलो, ते कुठेतरी मुरलंय.

गाठ सुश्रुतच्या लग्नाला होईल. कापड टिकाऊ आहे.

१६ एप्रिल

शाळेत सांगितलं. सगळ्या स्टाफने कौतुक केलं. एक बाई तर म्हणाल्या, असे वडील हवेत. आमच्या ज्ञातीच्या मंडळाच्या चिटणीसांचाही निरोप आला, जूनच्या सभेत 'कमी खर्चात आदर्श विवाह' यावर बोलाल का. बोलणार. मुद्दे काढायला घेतले आहेत. सुरुवात अशी: मित्रहो, मी हे आधी स्वतःच्या घरात केलं आहे.

मुख्याध्यापकांनी विचारलं, लग्न किती तारखेला. मला सांगता आलं नाही. घरी येऊन विचारलं. सुमती म्हणाली, कळेल.

रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात, अशी माहिती काढली. एक मी. दोन कोण, ते त्यांचं त्यांनी बघावं. सही ठसठशीत यावी म्हणून जुन्या शाईच्या पेनात शाई भरून ठेवली.

३ मे

घरात सामानाची बांधाबांध. निवेदिताची पुस्तकं, कपडे, लहानपणचा फोटो. तो पंजाबी ड्रेस तिने बांधून ठेवला नाही. शिवलेला कधी घातलाच नाही, म्हणजे अजून नवाच आहे. कोणाला तरी देता येईल.

बायजाबाई जिन्यात भेटल्या. मी सहज विचारलं, साक्षीदार कोण ठरले. म्हणाल्या, "मी हाय, सुश्रुत हाय, न् श्रीरंगचा एक दोस्त." एवढं सांगून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, छान. तिथेच दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले म्हणून बरं झालं.

बापाची सही लागत नाही, असं दिसतं. कायदा आहे.

८ मे

लग्न उद्या. सकाळी साडेदहाला. हे मला आज संध्याकाळी कळलं.

मी शर्ट काढून ठेवला. चौकडीचा नाही, पांढरा. एवढं मला कळतं. बूट पुसले. मुलांना सुट्टी असली तरी ऑफिस चालू असतं, रजा टाकायची राहिली होती, मुख्याध्यापकांना मिस्ड कॉल दिला, त्यांनी केला नाही, मग मीच लावला.

जेवणं झाल्यावर सुमती माझ्यासमोर येऊन बसली. अशी ती बसत नाही, तिला सतत काहीतरी काम असतं. पदराला हात पुसत म्हणाली, "सव्वीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता एक मागते. उद्या तुम्ही घरी राहा."

मी विचारलं, निवेदिता असं म्हणाली का. ती म्हणाली, "नाही. ती म्हणाली, आई म्हणेल तसं."

मागणी बिनखर्चाची होती. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

९ मे, सकाळी

साडेआठला सगळे निघाले. बायजाबाईंच्या गाडीतून, म्हणजे रिक्षा वाचली. निवेदिता पाया पडली. मी आशीर्वाद दिला, तिने मान हलवली. पांढरा शर्ट मी घातलेलाच होता. कोणी काही म्हटलं नाही.

सुमती तिची रोजची हिरवी साडी नेसून गेली, कॉलरसारख्या कडक इस्त्रीची. बायजाबाईंनी तिला स्वतःची नवी कोरी रेशमी साडी देऊ केली होती, हे मी जिन्यातून ऐकलं. म्हणत होत्या, माझी नेस गो बाय, मना दोन हायेत. सुमती नको म्हणाली. खरं तर यात मला काटकसरीचं तत्त्व दिसायला हवं होतं. पण बराच वेळ दिसलं नाही.

दहा वाजता लाइट गेले. साडेदहाला मी घड्याळाकडे बघितलं.

९ मे, संध्याकाळी

लग्न झालं. सुश्रुतने फोन केला. मी मिस्ड कॉल दिला नव्हता, त्याने आपणहून केला. पाचच मिनिटं लागली म्हणाला, सह्या आणि हार. मग सगळे मिळून एका हॉटेलात जेवले. पैसे कोणी दिले, ते मी विचारलं नाही. मागे गाड्यांचे हॉर्न येत होते आणि सुमती हसत होती. तिचंच हसणं असावं.

सुमती काही दिवस निवेदिताकडे राहणार आहे, तिचं घर लावून द्यायला. किती दिवस, ते सुश्रुतला माहीत नाही. तोही आज तिथेच राहील.

सकाळची भाजी होती. गरम न करता खाल्ली.

आता बायजाबाई परत आल्या. गाडी लावल्याचा आवाज आला म्हणून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. त्यांनी पेढा दिला आणि म्हणाल्या, रविवारी पोरगी न् जावई त्यांच्याकडे जेवायला आहेत. सुमतीही येणार आहे. मासळी करणार आहेत, श्रीरंगला आवडते. सगळं सांगून झाल्यावर त्या थोड्या थांबल्या, मग चावी काढून आत गेल्या.

आमच्याकडे येणार का, हे मी विचारलं नाही. विचारायचं कारण नाही. जेवून झाल्यावर माणसं वर येतातच. चढायचा तो एकच मजला आहे.

रविवारी मी घरीच आहे.